पाण्यातून हायड्रोजन: दोन सिरिंजांचा घरगुती सेल, मोजमापासकट

पाण्यात दोन तारा सोडून बुडबुडे काढणं कुणालाही जमतं. त्या बुडबुड्यांत नेमका कोणता वायू आहे, किती आहे आणि त्यासाठी किती वीज खर्च झाली, हे आकड्यांत सांगणारा सेल बांधायला मात्र थोडी शिस्त लागते. इथे दिलेला सेल छोटा आहे. एका वेळी त्यात जास्तीत जास्त 45 मिली हायड्रोजन जमतो. हा आकार मुद्दाम ठेवला आहे. एवढ्या वायूत सगळं शिकता येतं, मोजता येतं, पेटवून बघता येतं, आणि काही चुकलंच तर धोका लहान राहतो.

दोन नियम कधीच मोडायचे नाहीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका नळीत, एका बाटलीत येऊ द्यायचे नाहीत. आणि तयार झालेला वायू साठवायचा नाही. यूट्यूबवर 'एचएचओ' नावाने जे डबे दाखवतात, त्यांत दोन्ही वायू एकत्रच बाहेर पडतात. ते जळणासाठी अगदी नेमक्या प्रमाणात मिसळलेलं मिश्रण असतं. त्याला पेटायला बाहेरची हवासुद्धा लागत नाही, आणि ज्योत नळीतून मागे डब्यात शिरते. तसला डबा बांधूच नका.

आधी हिशोब

पाण्याच्या दोन रेणूंमधून हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू निघतो, म्हणून आकारमान 2:1. किती वायू निघणार हे व्होल्टवर नाही, अँपिअर आणि वेळेवर ठरतं. हा फॅरडेचा नियम. एका सेलमधून 1 अँपिअर तासभर गेला की 0.0187 मोल हायड्रोजन निघतो आणि 0.34 ग्रॅम पाणी संपतं.

पाठ्यपुस्तकात या हायड्रोजनचं आकारमान 0.42 लिटर दिसेल. ते 0 अंशाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच आहे, हवेचा दाब 96 किलोपास्कलच्या आसपास असतो, शिवाय आपण वायू पाण्यावर जमवतो, म्हणजे त्यात वाफही मिसळलेली असते. 30 अंशाला हे सगळं धरलं की 1 अँपिअर-तासाला 0.51 लिटर येतो. एप्रिल-मेमध्ये आकडा याहून वाढतो. मोजमाप पुस्तकापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त आलं तर सेल काही चमत्कार करत नाहीये, हवामान बोलतंय.

दुसरा आकडा कार्यक्षमतेचा. पाणी फोडायला किमान 1.23 व्होल्ट लागतात, पण उष्णतेसकट पूर्ण हिशोब धरला तर 1.48. म्हणून सेलच्या टोकांवर जेवढे व्होल्ट मोजाल त्यांनी 1.48 ला भागा: 3.5 व्होल्टवर चालणारा सेल 42 टक्के, 2 व्होल्टवर चालणारा 74 टक्के. आणि 12 व्होल्टची बॅटरी थेट एका सेलला लावली तर 12 टक्के. उरलेली वीज नुसतं पाणी तापवते.

साहित्य

बरणी: दोन लिटरची, रुंद तोंडाची, बुटकी आणि झाकणाची. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, तळाला त्रिकोणात 5 हा आकडा असतो. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी प्लॅस्टिक कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हळूहळू खराब होतं.

सिरिंज: 50 मिलीच्या दोन, 20 मिलीची एक. मेडिकलमध्ये मागताना लुअर-लॉक, म्हणजे फिरवून बसवायच्या आट्यांच्या टोकाची मागा. नाकातल्या नळीतून खाऊ घालायची जाड टोकाची सिरिंज मिळते, तिच्यावर थ्री-वे बसत नाही. थ्री-वे दोन लागतील, सलाईनला लावतात तेच. त्यांची बॉडी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि कॉस्टिक तिला खातं, म्हणून द्रावण तिथवर पोचू द्यायचं नाही.

इलेक्ट्रोड: टिग वेल्डिंगची ईआर 316 एल फिलर रॉड, 2.4 मिमी जाडीची. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे सुटी मिळते. स्वयंपाकघरातले चमचे, भांड्यांचे तुकडे वापरू नका. बाजारातल्या स्वस्त स्टीलमध्ये बराचसा माल 202 ग्रेडचा असतो, तो धन टोकाला लवकर गंजतो. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण 202 आणि 316 दोन्हींना चुंबक चिकटत नाही. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट पहिल्या पाच मिनिटांपुरतं ठीक. नंतर धन टोकावर ते झिजून द्रावण काळं होतं, आणि थोडा ऑक्सिजन कार्बनशीच जोडला जात असल्याने गुणोत्तरही बिघडतं.

वीज: 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अॅडॉप्टर आणि एक्सएल 4015 चा बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्ट कमी करणारं छोटं सर्किट. या मॉड्यूलचा जो प्रकार व्होल्ट आणि अँपिअर दोन्हींसाठी वेगवेगळे स्क्रू देतो, तोच घ्या. त्याचं कारण पुढे येईल. सोबत 10 अँपिअरपर्यंत मोजणारा मल्टिमीटर. घरच्या 230 व्होल्टच्या लाईनला डायोड ब्रिज लावून थेट सेल चालवायची कल्पना काही जण सुचवतात. तसं केलं तर बरणीतलं सगळं पाणी जिवंत लाईन होतं. ट्रान्सफॉर्मरने अलग केलेला अॅडॉप्टरच हवा.

पाणी: गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, सव्वा लिटर. सोलापुरात बोअरचं पाणी किती जड असतं ते कूलरच्या जाळीवर जमणारा पांढरा थर बघणाऱ्याला सांगायला नको. तोच थर ऋण टोकावर बसतो आणि करंट मंदावतो. आरओचं पाणी त्यापेक्षा बरं, पण त्यात क्लोराईड शिल्लक असतं, आणि स्टीलला भोकं पाडायला ते पुरेसं आहे.

क्षार: कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईडच्या पांढऱ्या चकत्या, 40 ग्रॅम. चादरी-टॉवेलांच्या धंद्यात सूत धुवायला आणि रंगवायला कॉस्टिक रोजचंच, त्यामुळे या शहरात ते मिळवायला हिंडावं लागत नाही. फक्त रंगकामवाल्याकडची उघडी गोणी टाळा. कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साईड शोषून गोळे धरतं. बंद डब्यातलं, सुटसुटीत चकत्यांचं घ्या.

पहिल्याच वेळी कॉस्टिकची भीती वाटत असेल तर धुण्याचा सोडा लिटरला 100 ग्रॅम घालून सुरुवात करा. हाताला त्याचा त्रास कमी, पण तेवढ्याच करंटला व्होल्ट जास्त लागतात. मीठ मात्र चिमूटभरसुद्धा नाही. मिठाच्या पाण्यात धन टोकाला ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना इजा करतो आणि स्टीलमधलं लोखंड-क्रोमियम विरघळवतो. घरात केलेल्या अशा प्रयोगांतला सगळ्यात मोठा धोका बहुतेक वेळा स्फोटाचा नसतो, या मिठाचाच असतो.

द्रावण करताना

सुरक्षा चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती कपडा. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि मग. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून 'लागलं तर नळ सोडू' हे धरून चालू नका, बादली आधी भरा. डोळ्यात थेंब गेला तर पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटं साध्या पाण्याची धार, आणि मग लगेच दवाखाना. त्यावर लिंबू-व्हिनेगर लावायच्या भानगडीत पडू नका.

प्लॅस्टिकच्या भांड्यात 1 लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडत प्लॅस्टिकच्या पळीने ढवळा. कॉस्टिकवर पाणी ओतू नका. तसं केलं की तळाशी एकदम उकळी फुटून ते अंगावर उडतं. नीट घातलं तर लिटरभर पाणी साधारण 10 अंशांनी तापतं. मे महिन्यात खोलीतलं पाणीच 35 अंशांवर असेल, तर आधी ते माठाजवळ ठेवून गार होऊ द्या. अॅल्युमिनियमचं पातेलं, पळी, झाकण काहीही चालणार नाही. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि तिथेच हायड्रोजन सुटायला लागतो, तोही आपल्याला नको तिथे.

द्रावण पूर्ण गार झाल्यावरच बरणीत ओता.

जोडणी

सिरिंजांचे दट्टे काढून टाका. आत सिलिकॉनचं वंगण असतं. भांडी घासायच्या साबणाने दोन्ही नळ्या धुवा आणि खळखळून विसळा, नाहीतर फेस होईल. सिरिंज उलटी लावायची: टोक वर, उघडं तोंड खाली. अशी धरली की टोकाकडचा शून्य वर येतो आणि वरून जमणारा वायू थेट छापील खुणांवर वाचता येतो. वेगळी मोजनळी लागत नाही, हीच या सेलची सोय आहे.

झाकणाला सिरिंजच्या बाहेरच्या व्यासाएवढी दोन भोकं पाडा. 50 मिलीच्या सिरिंजला बहुधा 30 मिमीचं होल-सॉ चालतं, पण आधी मोजून घ्या. दोन भोकांमध्ये किमान 2 सेंटिमीटर अंतर हवं. सिरिंज झाकणाच्या खालच्या बाजूने वर घाला आणि झाकणाच्या वर-खाली केबल टाय आवळून उंची पक्की करा. तोंड बरणीच्या तळापासून 3 सेंटिमीटर वर राहावं. झाकणाला 10 मिमीचं तिसरं भोक पाडा आणि ते कायम उघडं ठेवा. नळ्यांत वायू जमला की बरणीतली पातळी वर चढते. बरणी हवाबंद असेल तर दाब वाढतो, आणि एखाद्या नळीखालून निसटलेला वायू झाकणाखाली अडकतो.

रॉडचे 25 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, आणि मग उघड्या बोटांनी धरू नका. एका टोकाचा 8 सेंटिमीटर भाग पेनाच्या रिफिलभोवती फिरवून स्प्रिंग करा. बाकीचा रॉड इंग्रजी 'जे'सारखा वळवा, म्हणजे तो बरणीच्या कडेने खाली उतरेल आणि स्प्रिंग सिरिंजच्या तोंडातून 1 सेंटिमीटर आत शिरेल. स्प्रिंग सोडून द्रावणात बुडणाऱ्या सगळ्या रॉडवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवून शेगडीपासून दूर, गरम हवेने घट्ट बसवा. इथे घाई नको. स्लीव्हमधून रॉडचा एक सेंटिमीटर उघडा राहिला तरी तिथून निघालेला वायू नळीत न जाता बरणीत जातो. करंट मोजला जातो, वायू मोजला जात नाही, आणि मग हिशोब जुळत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसावं लागतं.

स्प्रिंग नळीत फार आत घालू नका. बारीक नळीतला द्रावणाचा लांब स्तंभ म्हणजे जास्त रोध. तोंडाजवळ असली तर 0.3 अँपिअरला साधारण 3 ते 4 व्होल्ट पुरतात.

वर थ्री-वे बसवा. बरणीबाहेर रॉडच्या टोकांना क्रोकोडाईल क्लिप लावा. क्लिपा द्रावणाला लागू देऊ नका, तांब्या-पितळेवर एका संध्याकाळीत हिरवट थर येतो. ऋण तारेच्या सिरिंजवर मार्करने मोठ्ठा 'हा' लिहा, धनवर 'ऑ'.

भरणं आणि गळती तपासणं

20 मिलीची सिरिंज थ्री-वेला जोडून हवा ओढा. आत द्रावण चढू लागेल. थ्री-वे फिरवून ओढलेली हवा तिसऱ्या वाटेने बाहेर सोडा, पुन्हा ओढा. द्रावण 2 मिलीच्या खुणेवर आलं की थांबा आणि थ्री-वे बंद करा. ते 2 मिली हवेचे समजून शेवटी वजा करायचे.

आता दहा मिनिटं काही करू नका. दोन्ही नळ्यांतली पातळी जागच्या जागी राहिली पाहिजे. उतरत असेल तर थ्री-वेचा सांधा गळतोय. पिळून घट्ट करा, नाहीतर थ्री-वे बदला. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, हवा धरून ठेवणारा सांधा त्याला धरेलच असं नाही. हवाच सुटत असेल तर पुढे जाण्यात अर्थच नाही.

सेल चालवताना

जागा गच्ची किंवा मोकळं अंगण. स्वयंपाकघर नको, देवघराजवळ नको, माळ्याखाली नको. हायड्रोजन सुटला की वर जातो आणि छताखाली साठतो. हवेत 4 ते 75 टक्के या अवाढव्य टप्प्यात तो पेट घेऊ शकतो, आणि त्यासाठी 0.02 मिलिज्यूलची ठिणगी पुरते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. त्या ठिणगीत याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. म्हणून कपडे सुती.

बक मॉड्यूल सेलला जोडण्याआधीच 4.5 व्होल्टवर लावा. मग अँपिअरचा स्क्रू पूर्ण कमी करा, सेल जोडा, मल्टिमीटर मालिकेत ठेवा आणि हळूहळू 0.3 अँपिअरवर आणा. करंट बांधून ठेवायचं कारण असं: द्रावण तापलं की त्याचा रोध कमी होतो, रोध कमी झाला की करंट वाढतो, करंट वाढला की ते आणखी तापतं. करंट बांधलेला असला की हे चक्र सुरूच होत नाही. शिवाय वायूचा हिशोब गुणाकारावर येतो.

पहिली पाच-सात मिनिटं ऑक्सिजन कमी दिसेल. नव्या स्टीलवर ऑक्साईडचा थर धरण्यात आणि थोडा द्रावणात विरघळण्यात तो खर्च होतो. म्हणून पहिला वायू दोन्हीकडून हवेत सोडून द्या, नळ्या पुन्हा भरा आणि मगच घड्याळ लावा. 0.3 अँपिअरवर 15 मिनिटांत, 30 अंशाला, सोलापूरच्या उंचीवर 38 मिली हायड्रोजन आणि 19 मिली ऑक्सिजन यायला हवा. हायड्रोजन 36 ते 39 मध्ये आला तर सेल उत्तम. 45 च्या खुणेपुढे जाऊ देऊ नका, वायू तोंडाखालून निसटायला लागतो.

मध्येच तारा कधीही उलट करू नका. उलट केल्या की हायड्रोजनच्या नळीत ऑक्सिजन भरायला लागतो, आणि पाच मिनिटांत तुमच्या हातात तेच मिश्रण असतं जे टाळायला सगळा खटाटोप केला. लाईट गेली तर हरकत नाही, आल्यावर पुढे चालतं, फक्त वेळेची नोंद ठेवा. जमलेला वायू रात्रभर नळीत ठेवू नका.

पेटवून बघणं

अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड. 20 मिलीची सिरिंज 'हा' नळीच्या थ्री-वेला लावून 10 मिली हायड्रोजन ओढा, थ्री-वे बंद करा, सिरिंज काढा. वीजपुरवठा आधीच बंद केलेला असावा. सेलपासून किमान दोन मीटर दूर जा. सिरिंजचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दट्टा दाबा, बुडबुड्यांचा पुंजका होईल. सिरिंज बाजूला ठेवा, आणि मगच लांब दांड्याच्या लायटरने पुंजका पेटवा. तोंड वाटीवर नेऊ नका, चष्मा डोळ्यांवर हवा. सिरिंजच्या टोकाला किंवा सेलच्या नळीला थेट ज्योत लावायची नाही, कधीच.

इथे कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा. निव्वळ हायड्रोजन 'भक्क' असा मऊ आवाज करून वर जळतो. आवाज टणत्कारासारखा, फटाक्यासारखा आला तर आत हवा किंवा ऑक्सिजन मिसळला आहे, म्हणजे सांधा गळतोय किंवा तारा कुठेतरी उलट झाल्या. तो वायू सोडून द्या आणि कारण शोधा. शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही, संध्याकाळी अंधुक निळी दिसते. पिवळी दिसली तर वायूबरोबर सोडियमचे, म्हणजे कॉस्टिकचे सूक्ष्म थेंब येताहेत. साबणातलं सोडियमही थोडी पिवळी छटा देतं, पण झगझगीत पिवळा रंग कॉस्टिकचाच. करंट कमी केला की हे थेंब कमी होतात.

ऑक्सिजनची परीक्षा सोपी: विझत आलेल्या उदबत्तीच्या लाल टोकावर सिरिंजमधून हळू सोडा, टोक झळाळून उठतं.

बिघाड

करंटच येत नाही. बहुतेक वेळा क्लिप आणि रॉड यांच्यामध्ये ऑक्साईडचा थर असतो, रॉडचं वरचं टोक घासा. नाहीतर स्प्रिंग नळीतल्या वायूत गेली आहे आणि द्रावणाला लागतच नाही.

हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुपटीपेक्षा कमी. हायड्रोजनचा सांधा गळतोय, किंवा स्लीव्ह फाटली आहे. दुपटीपेक्षा बराच जास्त असेल तर ऑक्सिजनची बाजू तपासा: तिथे स्टील गंजत असेल तर ऑक्सिजन गंजातच खर्च होतो.

द्रावण पिवळं पडलं. हे मनावर घ्या. धन टोकाच्या स्टीलमधलं क्रोमियम क्रोमेट होऊन द्रावणात उतरलं आहे. सहासंयुजी क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे. कारण बहुतेकदा जास्त करंट, हलकं स्टील किंवा पाण्यातलं क्लोराईड. ते द्रावण मोरीत, गटारात, कुंडीत ओतू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा, वर नाव लिहा आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयात विल्हेवाटीसाठी विचारा. वारंवार प्रयोग करणार असाल तर धन टोकाला शुद्ध निकेलची पट्टी वापरा. अल्कलीत ती स्टीलपेक्षा खूप टिकते. बॅटरी पॅक जोडायच्या पट्ट्या निकेल म्हणून विकतात, पण त्यांतल्या बऱ्याच लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेल्या असतात. एका तुकड्यावर खरचटून तो दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवा. तांबूस गंज आला तर मुलामा.

जलतरण तलावासारखा वास. क्लोरीन. पुरवठा बंद, तिथून बाहेर, सगळं द्रावण बदला.

आठवडाभराने त्याच व्होल्टला करंट कमी. कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतला, त्याचा कार्बोनेट झाला. प्रयोग संपला की द्रावण घट्ट बाटलीत ओतून ठेवणं हाच उपाय. उन्हाळ्यात पातळी उतरली तर फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. कॉस्टिक संपत नसतं, पाणी संपतं.

यावर स्वयंपाक होईल का

हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो, म्हणून आकडे नीट मांडतो. लिटरभर पाणी 28 अंशांवरून उकळायला साधारण 300 किलोज्यूल लागतात. बर्नरची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर 600. हायड्रोजनच्या एका लिटरमध्ये जेमतेम 10 किलोज्यूल, म्हणजे 60 लिटर वायू हवा. आपला सेल तेवढा वायू द्यायला 400 तास घेईल. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरएवढी ऊर्जा हायड्रोजनमध्ये हवी असेल तर साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो. 3.5 व्होल्टवर चालणाऱ्या सेलने तो काढायला सुमारे 500 युनिट वीज जाईल. तीच वीज इंडक्शन शेगडीला दिली तर सिलिंडरपेक्षा किती तरी जास्त स्वयंपाक होतो.

दुचाकी-चारचाकीच्या इंजिनात एचएचओ सोडून 'अॅव्हरेज वाढवणारं' किट याच हिशोबात बसवून बघा. 12 व्होल्टवर मालिकेतले सहा सेल, 10 अँपिअर: तासाला 31 लिटर हायड्रोजन, म्हणजे 8 मिली पेट्रोलएवढी ऊर्जा. ती 120 वॅट वीज अल्टरनेटरमधून येते आणि अल्टरनेटरला इंजिन फिरवतं. त्यासाठी तासाला 90 मिलीच्या आसपास पेट्रोल जळतं. 90 देऊन 8 घ्यायचे, वर बॉनेटखाली स्फोटक मिश्रण. आणि 'सिलिंडरमध्ये दाबून भरू' हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. दाबाखालचा हायड्रोजन 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांच्या कक्षेत येतो, आणि त्यासाठी लागणारे सिलिंडर, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर घरगुती वस्तू नाहीत.

कारखान्यातले अल्कलाईन इलेक्ट्रोलायझर 25 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईड वापरतात, 70 ते 90 अंशांवर, दोन वायूंमध्ये पातळ पडदा ठेवून आणि दर सेलला 2 व्होल्टच्या आसपास. तिथे किलोला 50 ते 55 युनिट लागतात. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचं 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट आहे, आणि ते खत, तेलशुद्धीकरण, पोलाद अशा ठिकाणांसाठी आहे, जिथे हायड्रोजनला सोपा पर्याय नाही.

मग या 38 मिलींचा उपयोग? छोटा पेम फ्युएल सेल (हायड्रोजनपासून परत वीज करणारा सेल) मिळाला तर त्यातून मोटर फिरवा. 15 मिनिटं 0.3 अँपिअर दिला, तो परत घेताना 0.1 अँपिअर ओढणारी छोटी मोटर हिशोबाने 45 मिनिटं चालायला हवी. गळतीमुळे प्रत्यक्षात कमी चालते, आणि तो फरक मोजण्यात खरी मजा आहे. एका फ्युएल सेलला 0.6 ते 0.7 व्होल्टच मिळतात, त्यावर एलईडी लागत नाही, त्या व्होल्टला फिरणारी मोटरच हवी. वायू थेट सोडू नका: वर सांगितलेले कॉस्टिकचे थेंब फ्युएल सेलच्या पडद्यात शिरले की सोडियम तिथेच अडकून पडतं आणि सेल कायमचा अशक्त होतो. साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या बाटलीतून बुडबुडे काढत वायू पुढे पाठवा, आणि त्या बाटलीतलं पाणी दर वेळी बदला.

सोलरवर चालवायचं असेल तर 10 वॅटचं 12 व्होल्टचं पॅनेल दुपारी साधारण अर्धा अँपिअर देतं. ते थेट एका सेलला लावलं तर पॅनेलच्या व्होल्टपैकी मोठा भाग वाया जातो. असेच तीन-चार सेल वेगवेगळ्या बरण्यांत बांधून मालिकेत लावा: तोच करंट प्रत्येक सेलमधून जातो आणि प्रत्येक सेल आपापला पूर्ण वायू देतो. बरण्यांमधलं द्रावण मात्र कुठेही एकमेकांना लागता कामा नये, नाहीतर करंट वाट काढून मधले सेल वगळतो. इथेही बक मॉड्यूल मध्ये ठेवून 0.3 अँपिअरची मर्यादा लावा, म्हणजे ढग आला-गेला तरी चढा करंट कधीच जाणार नाही.

काम झालं की आधी वीज बंद, मग दोन्ही थ्री-वे मोकळ्या हवेत उघडा आणि नळ्या द्रावणाने पुन्हा भरू द्या. रॉड आणि सिरिंज दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. द्रावण रंगहीन असेल तर ते बंद बाटलीत पुढच्या वेळेसाठी ठेवा. बाटलीवर 'कॉस्टिक, पिऊ नये' असं मराठीत ठळक लिहा, पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत ते कधीही भरू नका, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.